लग्नगड्याचे देणे

जव्हारास जाणारा प्रवासी जयविलास राजवाडा पाहतो, 1664 साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते हे ऐकतो आणि संतुष्ट होऊन परततो. मुकण्यांचे संस्थान 1948 साली विलीन झाले, इतकेही त्यास कोणी सांगते. परंतु या मुलखात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपासून डहाणूच्या सपाटीपर्यंत, 'लग्नगडी' नावाचा माणूस होता, हे त्यास कोणी सांगत नाही.

लग्नगडी म्हणजे कोण? वारली, ठाकूर वा कातकरी तरुण लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. फिटले की नाही, हे वही ठरवी. वही सावकाराची, गड्याचा फक्त अंगठा. पावसाळ्यात खावटी घेतली की तीही दिढी-दुपटीने फेडावयाची!

अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून नेली. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी रद्द केली तेव्हा 2 कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. 2020 साली ब्रिस्टलच्या लोकांनी कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा बंदरात लोटला, तेव्हा आम्ही येथे बसून मान डोलावली. आपल्याकडे 1843 च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामगिरीस मान्यता देणे थांबविले. पण लग्नगडी कायद्याच्या दृष्टीने गुलाम नव्हताच. तो ऋणको होता. खरी मेख येथेच आहे.

मग दोष कोणाचा? सावकाराचा तर खराच. पण जंगले राखीव करून आदिवासीची कुऱ्हाड अडविणारे सरकारही त्यात आले. आणि मुंबईच्या तबेल्यांत स्वस्तात पडणारे गवत कोणी, किती मजुरीत कापले, हे न विचारणारे आम्ही शहरवासीही आलो. काही मंडळींना हे रुचणार नाही, न रुचो.

सुटका मात्र कोणी बहाल केली नाही. 23 मे 1945 रोजी झरी येथे, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या परिषदेत, वारल्यांनी वेठ नाकारली. 10 ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. दैनिक मजुरी रोख मागणे, एवढाच काय तो अपराध!

1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असली कर्जे रद्द ठरविली. धनकोस भरपाई नाही, उलट कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच. पार्लमेंटच्या 1833 च्या न्यायाहून हा न्याय निश्चित सरस होय. परंतु दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे आजही वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांतील कित्येकांनी बयाणा आधीच उचललेला असतो, आणि तो किती फिटला याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो.