गर्दीतला शांत पहारेकरी

मोठ्या शहरांतील गणेश मंडपांत हल्ली आरतीपूर्वी एक चार पायांचा पाहुणा येऊन जातो. पोलिसांच्या श्वान पथकातला लॅब्रॅडॉर मखराभोवती फिरतो, फुलांच्या टोपल्या, ध्वनिक्षेपकांची खोकी, खुर्च्यांच्या रांगा हुंगतो आणि निघून जातो. आजूबाजूला मुले ओरडत असतात, ढोल वाजत असतो, कुणाच्या हातात पेढ्यांचा डबा उघडा असतो. तो कशाकडेही वळून पाहत नाही. त्याच्या नाकाचे कौतुक सगळेच करतात. आम्हांला मात्र त्याच्या शांतपणाचे नवल अधिक वाटते. नाक त्याला जन्मजात मिळाले आहे. शांतपणा शिकवावा लागतो, आणि तो शिकवायला हवा हे कळायला पोलीस खात्यांना बराच काळ लागला. त्या काळाची ही थोडक्यात हकीकत.

माग काढणारे कुत्रे आपल्याला नवे नाही. पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध घेणारी इंद्राची सरमा ऋग्वेदात आहे. परंतु पगारी पोलिसाबरोबर गस्त घालणारा, रीतसर शिकवलेला कुत्रा ही आधुनिक युरोपची कल्पना. १८९९ मध्ये बेल्जियममधील गेंट शहरात पोलिसांनी अशी पद्धतशीर सुरुवात केली. शहर वाढत होते, रात्रीच्या गस्तीला माणसे अपुरी पडत होती, म्हणून कुत्रा जोडीला दिला. हा प्रयोग पाहायला इतर देशांचे अधिकारी गेंटला जाऊ लागले. त्यातूनच १९०८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वे पोलिसांनी हल बंदराच्या गोद्यांवर एअरडेल टेरियर जातीचे कुत्रे ठेवले. त्यांना दिलेली शिकवण लक्षात घेण्यासारखी आहे. अंगावर पोलिसी गणवेश असेल तो आपला, नसेल तो चोर. म्हणूनच त्यांना फक्त रात्री बाहेर काढीत. दिवसा, माणसांच्या वर्दळीत, अशा कुत्र्याला आणणे शक्यच नव्हते.

म्हणजे पहिल्या पोलिसी कुत्र्याच्या लेखी सामान्य नागरिक आणि गुन्हेगार यांत फरक नव्हता. ही शिकवण किती महाग पडू शकते ते पुढे अमेरिकेत दिसले. ३ मे १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीय शाळकरी मुले समान हक्कांसाठी शांततेने मोर्चा काढीत होती. शहराचा सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडले. एका तरुणाच्या पोटावर झेपावणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर छापले गेले. त्या छायाचित्रांनी अमेरिकेचे लोकमत हलले आणि पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यात कुत्र्याचा दोष नव्हता. त्याला जे शिकवले आणि ज्याच्या हाती त्याची दोरी दिली, त्याप्रमाणे तो वागला. पण ‘पोलिसांचा कुत्रा’ या शब्दांची दहशत तिथल्या कित्येक घरांत अजून गेलेली नाही.

दुसरी वाटही याच काळात तयार होत होती. महायुद्धानंतर १९४६ मध्ये लंडनच्या पोलिसांनी सहा लॅब्रॅडॉर कामाला घेतले. पुढे ब्रिटनमध्ये कुत्र्याने हँडलरच्या घरी, त्याच्या बायकामुलांत राहायचे असा प्रघात पडला. घरात मूल रांगते, दाराची घंटा वाजते, पाहुणे येतात. यातले काहीच संकट नाही हे कुत्र्याला न शिकवता कळते.

आपल्याकडे पोलिसांचे श्वान पथक प्रथम १९५१ मध्ये मद्रासला निघाले. मुंबई पोलिसांचे पथक १९५९ चे. तीन डॉबरमनांनी त्याची सुरुवात झाली. त्यांचे काम मुख्यतः चोर-खुन्यांचा माग काढण्याचे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी कामाचे स्वरूप बदलले. आता कुत्र्याला बाजारात, स्थानकावर, देवळात, म्हणजे नेमके गर्दीत जायचे होते. त्या दिवसांत नाव झाले ते पुण्याच्या शिवाजीनगर केंद्रात शिकलेल्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरचे. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधण्याचे श्रेय त्याला दिले जाते. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातही मुंबईच्या श्वानांनी असेच काम केले.

आम्हां ग्वाल्हेरकरांना तर या विषयासाठी मुंबईपर्यंत जायचे कारण नाही. झाशी रस्त्यावर, शहरापासून तीसेक किलोमीटरवर टेकनपूर आहे. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून तेथे चालू आहे. सीमा सुरक्षा दलाबरोबरच इतर केंद्रीय दलांचे व अनेक राज्यांच्या पोलिसांचे कुत्रे आणि हँडलर तेथे शिकून गेले. आपल्यापैकी अनेकांना टेकनपूर म्हटले की फक्त अकादमीचे फाटक आठवते; आत काय घडते याची दखल आपण फारशी घेतलेली नाही.

याच केंद्रात अलीकडे देशी जातींनाही जागा मिळाली आहे, त्यात मुधोळ हाउंड आहे. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचे मराठी संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात. बेडर लोकांकडचे हे चपळ शिकारी कुत्रे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासले आणि त्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. २००५ मध्ये या जातीवर टपाल तिकीटही निघाले. मुधोळ हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. पळणारे काही दिसले की त्याने धावायचे हा त्याचा पिढीजात धर्म, आणि परक्याचा हात अंगावर त्याला सहसा रुचत नाही. अशा कुत्र्याला वर्दळीत स्थिर ठेवणे हे लॅब्रॅडॉरपेक्षा अवघड काम. तरीही २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने परदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून पहिला मान मिळवला.

हा शांतपणा शिकवतात कसा? त्याची सुरुवात पिल्लूपणातच होते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या गोष्टी पाहते त्या त्याला पुढे आपल्या वाटतात. म्हणून त्या वयात त्याला वेगवेगळी माणसे, मुले, छत्र्या, काठ्या, गाड्या, गुळगुळीत फरशी, जिने सारे दाखवतात. मग आवाजांचा सराव. ढोलाचा किंवा फटाक्याचा आवाज आधी दुरून, हळू, आणि त्याच वेळी खाऊ किंवा चेंडू. कुत्रा सैल राहिला तरच एक पाऊल जवळ. दचकला तर पुन्हा मागे. यात घाई केली की आठवड्यांची मेहनत एका दिवसात वाया जाते.

जुन्या पद्धतीत धाक मोठा होता. जर्मनीच्या कोनराड मोस्टचा १९१० चा प्रसिद्ध ग्रंथ बऱ्याच अंशी सक्तीवर उभा होता. पण धाकाने दबलेला कुत्रा आणि मनातून शांत असलेला कुत्रा हे दोन वेगळे प्राणी आहेत. दबलेला कुत्रा वारंवार ओठ चाटतो, अवेळी जांभया देतो, शेपूट आत घेतो, आणि एखाद्या क्षणी चावतो. म्हणून आज भर बक्षिसावर आहे. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला सापडल्याची खूणही शांतपणेच करायला शिकवतात. भुंकायचे नाही, उकरायचे नाही, वस्तूसमोर गुपचूप बसायचे. उकरले तर स्फोटाचा धोका आणि भुंकले तर चेंगराचेंगरीचा.

एवढे करूनही निम्मे काम गर्दीच्या हाती उरते, आणि ती गर्दी म्हणजे आपण. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. यज्ञमंडपात सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. सरमेने येऊन विचारले, याचा अपराध काय? कुणापाशी उत्तर नव्हते, आणि तिचा शाप राजाला भोवला. उत्सवाच्या मंडपात आलेल्या मुक्या जिवाशी कसे वागावे, याचा धडा आपल्या परंपरेने असा फार पूर्वी देऊन ठेवला आहे.

तेव्हा यंदा मंडपात श्वान पथक आले तर चार गोष्टी कराव्यात. तेवढी पाच-दहा मिनिटे ढोल, ताशा आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत. कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असतात. त्याला हाक मारू नये, थोपटू नये, छायाचित्रासाठी अडवू नये. मुलांना पळू न देता हात धरून उभे करावे. आणि प्रेमापोटी प्रसाद देऊ नये. आपल्या खिरापतीतले बेदाणे-मनुका कुत्र्याला विषासमान असतात, हे आपल्या घरच्या कुत्र्याच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे.

हलच्या गोदीवरच्या कुत्र्याला गणवेश नसलेला प्रत्येक माणूस शत्रू वाटत होता. आज तोच प्राणी शेकडो अनोळखी माणसांत, कुणालाही शत्रू न मानता, सर्वांच्या जिवाची काळजी वाहतो. हा विश्वास त्याला शिकवणाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळवला आहे. तो आमच्या मंडपात तुटू नये, एवढेच गणरायाच्या चरणी मागणे.