नाडीचे घड्याळ

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला, म्हणजे धन्वंतरीचे स्मरण करायचे त्याच दिवशी, टोरांटोहून चिरंजिवांनी पाठविलेले एक घड्याळ माझ्या मनगटावर चढले. वेळ सांगणे हा त्याचा दुय्यम धंदा. मुख्य काम माझी नाडी मोजण्याचे, आणि मोजलेला आकडा माझ्या फोनवाटे सातासमुद्रापलीकडे चिरंजिवांच्या फोनवर पोचविण्याचे. माझे वय 76. इतिहास शिकविण्यात आयुष्य गेले, त्यामुळे नवी वस्तू हाती आली की तिचे कुळ शोधण्याची खोड जडली आहे. या घड्याळाचे कुळ शोधताना जे सापडले ते सांगावे, आणि त्याच वेळी माझ्या हातून जे घडले तेही कबूल करावे, एवढ्यासाठी हा लेख.

नाडी पाहणे आपल्याला नवे नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गती वर्णिल्या आहेत. कोणती सापासारखी, कोणती बेडकासारखी, कोणती हंसासारखी. माझ्या आजोबांचे वैद्य तीन बोटे मनगटावर ठेवीत आणि डोळे मिटून घेत, ते मला आठवते. नाडी कशी चालते ते वैद्यबुवा सांगत. मिनिटाला किती वेळा चालते, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. युरोपातही दीर्घकाळ बहुतेक वैद्यांची रीत हीच होती.

ती मोडण्याचा खटाटोप केला सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने. मध्य इंग्लंडातील लिचफील्ड या गावी त्याचा व्यवसाय. त्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि 1707 साली नाडीच्या घड्याळावर ग्रंथच लिहिला. नाडीचे ठोके मोजावे, आकडा चढला तर थंड उपचार करावे, उतरला तर उष्ण, असा त्याचा सरळ हिशेब. हिशेब चुकीचा होता. पण मोजणे बरोबर होते. समकालीन वैद्यांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मोठा गमतीचा भाग असा की, हाच आकड्यांचा भक्त राजस्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या समजुतीतूनही सुटलेला नव्हता. गावातील एका पुस्तकविक्याच्या लहान मुलाला त्याच्याच सल्ल्यावरून 1712 साली लंडनला राणी ॲनपुढे नेण्यात आले, असे सांगतात. तो मुलगा म्हणजे पुढे इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता झालेला सॅम्युअल जॉन्सन.

फ्लॉयरला स्वतःला दम्याचा विकार. तरी पंचाहत्तरीच्या सुमारास, 1724 साली, त्याने म्हाताऱ्यांच्या आरोग्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या विषयावरील इंग्रजीतल्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोडते. म्हणजे नाडीचे घड्याळ आणि म्हातारपणाचे शास्त्र, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली. हे वाचल्यावर मनगटावरच्या त्या काळ्या चकतीबद्दल मला जरा आपुलकी वाटू लागली.

आणखी साठ वर्षांनी, 1784 च्या उन्हाळ्यात, तोच जॉन्सन म्हातारा आणि दम्याने बेजार होऊन लिचफील्डला आला. तेथील कॅथीड्रलच्या ग्रंथालयातून त्याने फ्लॉयरचा दम्यावरील ग्रंथ वाचायला नेला. एवढ्या दम्यातही हा गृहस्थ जवळजवळ नव्वदीपर्यंत जगला, असे त्याने आपल्या डॉक्टरला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्याच दिवसांत तो लॅटिनमध्ये आपल्या आजाराची रोजनिशी ठेवीत होता; झोप, श्वास आणि घेतलेली औषधे यांच्या नोंदी. रोजनिशी नोव्हेंबरात थांबते. डिसेंबरात तो गेला. स्वतःच्या देहावर स्वतःच नजर ठेवणारा हा म्हातारा मला फार जवळचा वाटतो. त्याची वही त्याचीच होती. ती उघडून पाहणारा मुलगा टोरांटोत नव्हता.

यापुढे आकडा हळूहळू डॉक्टरांच्या मालकीचा झाला. किती, ते रिचर्ड बर्नस्टाइनच्या हकिकतीवरून कळते. हा न्यूयॉर्कचा एक इंजिनियर, बाराव्या वर्षापासून मधुमेही. 1969 साली रक्तातील साखर मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात त्याने पाहिली. यंत्राचे वजन सुमारे दीड किलो, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना व इस्पितळांना. रोग्याला स्वतःच्या रक्ताचा आकडा विकत मिळत नव्हता! बर्नस्टाइनची पत्नी डॉक्टर होती; यंत्र तिच्या नावाने घेतले गेले. तो दिवसातून अनेकदा साखर मोजू लागला, त्याप्रमाणे खाणे आणि इन्सुलिन बदलू लागला, आणि प्रकृती सुधारली. अनुभव लिहून पाठविला तर वैद्यकीय नियतकालिके छापीनात. तेव्हा या गृहस्थाने पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि डॉक्टरच झाला. 2025 साली नव्वदीत त्याचे निधन झाले. आज आपल्याकडे औषधाच्या दुकानात काउंटरवर सहज मिळणाऱ्या त्या चिमुकल्या यंत्रामागे ही हट्टाची कहाणी आहे.

आता माझी कबुली. मी रोज सकाळी पर्वती चढतो. घड्याळ आल्यापासून मी वर पोचून कठड्याशी टेकलो की फोन वाजे. "बाबा, एकशे बत्तीस? बसा तिथेच. पाणी प्या." टोरांटोत तेव्हा रात्र असे, सूनबाईंचा आवाजही मागून ऐकू येई. पंधरा दिवस मी हे प्रेम सोसले. मग पर्वतीला निघताना घड्याळ टेबलाच्या खणात ठेवू लागलो. सौ.ना सांगितले, पट्ट्याने खाज सुटते. बर्नस्टाइनने ज्या आकड्यासाठी जंग जंग पछाडले, तो मी खणात टाकून कुलूप लावले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी अर्ध्या पायऱ्यांवर छातीत पाखरू फडफडावे तसे झाले. खाली बसलो. दहा मिनिटांत थांबले. तीन दिवस मी कोणाला बोललो नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तर हृदयाचा आलेख अगदी सरळ. त्यांनी माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिले आणि विचारले, "त्या वेळी घड्याळ कुठे होते?"

त्यांनी समजावले ते असे. म्हातारपणी हृदयाचे वरचे कप्पे कधी कधी नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी बेताल होते. रक्त साचून त्याची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. आणि हे दुखणे लपंडाव खेळते. दवाखान्यात जाईपर्यंत नाहीसे होते. म्हणून सतत मनगटावर असणाऱ्या घड्याळाचे मोल. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला, तो मी नंतर चाळला. चार लाख एकोणीस हजारांहून अधिक माणसे त्यात होती. बेताल नाडीची सूचना मिळाली हजारात पाच जणांना. पासष्टीपुढच्यांत मात्र शंभरात तिघांना. आणि एवढ्या मोठ्या मेळाव्यात पासष्टीपुढचे होते शेकडा सहासुद्धा नाहीत. दुखणे म्हाताऱ्यांचे, पारख तरुणांवर! शिवाय घड्याळाची सूचना म्हणजे निदान नव्हे. तीत खोट्या हाका पुष्कळ असतात.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी छातीला यंत्र चिकटवून आलेख सतत टिपला. दुसऱ्या रात्री पाखरू सापडले. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली.

त्या रात्री मी चिरंजिवांना सगळे सांगितले, खणासकट. फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "मी फार फोन करत होतो का?" मी म्हणालो, "हो." आमचा करार झाला तो असा: घड्याळ हातावर राहील, त्याने आकडा पाहावा, पण नाडी बेताल झाल्याची सूचना आल्याशिवाय पर्वतीच्या वेळेत फोन करू नये. इतर आकड्यांबद्दल रविवारी मी स्वतः बोलेन, आणि ते वहीत लिहूनही ठेवीन.

वही मराठीत आहे. कालच्या पानावर नाडी, झोप आणि गोळीची वेळ आहे, खाली सौ.नी आपल्या अक्षरात लिहिले आहे, "चकल्या चार खाल्ल्या, दोन लिहिल्या."