अयस्कांत आणि अर्बुद

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव मुख्यतः तेथील शिवमंदिरामुळे व माडांच्या आड पसरलेल्या पुळणीमुळे ओळखले जाते. या किनारपट्टीमागचे डोंगर माथ्यावर जांभ्याचे, खाली काळ्या पाषाणाचे. तो पाषाण झिजून ओढ्यानद्यांवाटे समुद्रास मिळतो, तेव्हा त्यातील लोहयुक्त जड कण किनाऱ्यालगत साचून राहतात. रत्नागिरीजवळील मिऱ्या व काळबादेवी येथील काळी वाळू भूशास्त्रज्ञांच्या परिचयाची झाली ती याच कारणाने. तीत इल्मेनाइट विपुल असून मॅग्नेटाइटही आढळते. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचे काळे ऑक्साइड. लोहचुंबक फिरविताच त्याचे कण त्यास बिलगतात. कर्करोगावरील औषध नेमके रोगग्रस्त जागी नेण्याचे जे प्रयत्न गेली सुमारे पन्नास वर्षे चालू आहेत, त्यांतील प्रमुख द्रव्य हेच होय. (वाळूतील कण मात्र त्या कामी निरुपयोगी, ते टायटॅनियममिश्रित आणि फारच जाड असतात.)

चुंबक व वैद्यक यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांताचा समावेश आहे. तोही सरसकट नव्हे. शल्य सरळ शिरलेले, न अडकलेले, बिनकाट्याचे आणि जखमेचे तोंड रुंद असेल तरच तो वापरावा, असे तेथे सांगितले आहे. ‘अयस्कांत’ म्हणजे लोहास प्रिय असलेला. पुढे रसशास्त्राने कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक असे प्रकार केले. त्यांतील एका प्रकाराचे नाव मराठीत सबंध वर्गाचे नाव झाले, आणि ‘कांत’ हा शब्द मागे पडला. अर्थविस्ताराचे हे चांगले उदाहरण आहे. ‘अर्बुद’ या रोगाचे वर्णन त्याच संहितेच्या निदानस्थानात येते. आजचा ‘कर्करोग’ हा शब्द मात्र ग्रीकांच्या खेकड्याची कल्पना घेऊन आलेला आहे.

या दोन उल्लेखांची सांगड घालून आधुनिक उपचाराचे मूळ सुश्रुतात शोधण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलाच पाहिजे. सुश्रुताचा अयस्कांत लोह बाहेर ओढतो. आधुनिक वैद्यकास लोह आत न्यावयाचे असते, व एका ठिकाणी थोपवून धरावयाचे असते. शिवाय अर्बुदाच्या चिकित्सेशी अयस्कांताचा संबंध त्या अध्यायात कोठेही नाही.

खरा आरंभ विसाव्या शतकातला. १९४९ मध्ये लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाने अतिसूक्ष्म चुंबकीय कणांच्या वर्तनाची उपपत्ती मांडली. मॅग्नेटाइटचा कण सुमारे वीस-पंचवीस अब्जांश मीटरांहून लहान झाला की बाह्य क्षेत्र असेतोवरच तो चुंबकासारखा वागतो. क्षेत्र काढताच त्याचे चुंबकत्व मावळते. हा गुण वैद्यकास मोलाचा, कारण चुंबकत्व टिकून राहिले तर कण रक्तात एकमेकांस चिकटून गुठळ्या होतील. १९५७ मध्ये शिकागोच्या गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसीका-ग्रंथींत लोह-ऑक्साइडचे कण पोहोचवून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापविले. हा उष्णतेचा मार्ग झाला. औषध वाहण्याचा मार्ग १९७० नंतर रुळला: विडर, सेन्येई प्रभृतींनी अल्ब्युमिनच्या गोलकांत मॅग्नेटाइट व डॉक्सोरुबिसिन एकत्र कोंडले, आणि उंदरांच्या शेपटीतील गाठींवर बाहेरून चुंबक धरून ते गोलक तेथे अडविले.

उंदराची शेपटी आणि मनुष्याचे यकृत यांत मोठे अंतर आहे. चुंबकाची ओढ अंतरागणिक झपाट्याने घटते. १९९६ मध्ये ल्यूबे व सहकाऱ्यांनी बर्लिन येथे १४ रुग्णांवर एपिरुबिसिनयुक्त चुंबकद्रवाचा प्रयोग केला. रुग्णांनी तो सोसला, परंतु सुमारे निम्म्यांतच द्रव गाठीपर्यंत पोहोचल्याचे दिसले. पुढे यकृताच्या कर्करोगावरील एक मोठी चाचणीही अपेक्षित फळ न आल्याने थांबवावी लागली. उलट उष्णतेच्या मार्गास २०१० मध्ये युरोपात मेंदूतील गाठींसाठी मान्यता मिळाली. कारण उघड आहे: तेथे द्रव सुईने थेट गाठीतच घातला जातो, चुंबकाने ओढून न्यावा लागत नाही.

महाराष्ट्रात हे संशोधन प्रामुख्याने मुंबई व कोल्हापूर येथे झाले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. धीरेंद्र बहादूर यांनी, भाभा अणुसंशोधन केंद्रात बारिक व हसन यांनी, आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने फेराइटांचे कण सिद्ध करून त्यांवर विविध लेप चढविले. लेपाचा हा प्रश्न गौण नाही. लोहाचा उघडा कण रक्तात शिरताच यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी त्यास परकीय समजून गिळतात, आणि औषध गाठीऐवजी तेथेच जाते. पाण्यात विखुरलेला राहील, त्या पेशींच्या नजरेतून सुटेल आणि गाठीच्या आम्ल परिसरात औषध सोडील, असा लेप शोधणे हे या प्रयोगशाळांतील बहुतेक कामाचे सूत्र राहिले. त्यांचे निष्कर्ष मुख्यत्वे परीक्षानळीतील पेशींवरचे आहेत.