घराची शोभा आणि कामाचे तास

अलीकडे शहरांतून एक हौस वाढीला लागली आहे. जुन्या बाजारात जायचे, आजीच्या काळची पितळी भांडी, लाकडी पेट्या, शिवणयंत्राचे लोखंडी पाय हुडकून आणायचे, घासूनपुसून ते घरात मांडायचे. ठेवणीतल्या जुन्या साडीचे पडदे शिवायचे, सुट्टीच्या दिवशी नवराबायकोने मुलांना हाताशी घेऊन एखादी भिंत रंगवायची. हौस चांगली आहे, तिला नावे ठेवायला आम्ही येथे आलेलो नाही. पण कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणतीही हौस दिसली की दोन प्रश्न सुचल्यावाचून राहत नाहीत. हिला वेळ कोठून मिळाला? आणि हिला जागा कोठून मिळाली? हे प्रश्न घेऊन आम्ही पुस्तके चाळू लागलो, तेव्हा असे आढळले की आमच्या फार आधी एका इंग्रज गृहस्थाला हेच प्रश्न पडले होते, आणि तेही कोणत्या सभेत नव्हे, तर स्वतःचे घर सजविता सजविता. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म १८३४ सालचा. बाप लंडनच्या पैशाच्या पेढीतला माणूस. डेव्हन परगण्यातल्या तांब्याच्या एका मोठ्या खाणीचे भाग त्याने घेऊन ठेवले होते, आणि त्यामुळे मुलगा वयात आला तेव्हा त्याला वर्षाला सुमारे ९०० पौंड घरबसल्या मिळू लागले. त्या खाणीत खनिज फोडण्या-निवडण्याच्या कामावर बायका आणि लहान मुलेही असत, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवू. १८५९ साली मॉरिसने जेन बर्डन हिच्याशी लग्न केले. ती ऑक्सफर्डच्या एका घोडेवाल्याची मुलगी, म्हणजे आमच्या बाजूची म्हणावी अशी. या जोडप्यासाठी फिलिप वेब या मित्राने लंडनबाहेर बेक्स्लीहीथ येथे तांबड्या विटांचे एक घर बांधले. १८६० साली ते पुरे झाले. त्याचे नावच पडले ‘रेड हाऊस’.

घर झाले, पण त्यात घालायचे काय? यंत्राने माल स्वस्त केला होता हे खरे, पण पुष्कळशा मालावर नुसती नक्षीची गर्दी होती. मॉरिसला बाजारात मनासारखे काही मिळेना. तेव्हा ठरले की आपणच करू. छतावरची नक्षी सोपी ठेवली. गिलावा ओला असतानाच तिची टिंबे टोचून घेतली, म्हणजे ज्याच्या हाती कुंचला येईल त्याला ती भरता यावी. शनिवारी लंडनहून मित्रमंडळी आगगाडीने यायची, स्टेशनावर घोडागाडी घ्यायला जायची, आणि मग चित्रकार मंडळी भिंतींवर चढायची. चेष्टामस्करीही भरपूर चाले.

या घरातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र जेनची आहे. लंडनच्या एका दुकानात तिला निळीत रंगविलेले जाडेभरडे लोकरी कापड दिसले. ते तिने घरी आणले. मॉरिस ते पाहून खूश झाला आणि त्याने लगेच त्यावर फुलांचे नमुने काढले. ते नमुनेही त्याच्या मनचे नव्हते, शेकडो वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितातल्या चित्रांवरून त्याने ते उचलले होते. टाके कसे घालावेत हे शिकविणारे कोणी नव्हते. मग या नवराबायकोने जुने भरतकाम मिळवून बारकाईने पाहिले, त्याचे टाके उसवले आणि उसवता उसवता ते घालायला शिकली. जुन्या वस्तूपासून शिकण्याची याहून चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही. आज जुने म्हणून पुष्कळ काही विकत घेतले जाते, पण ते उसवून पाहणारे थोडे. तो निळा पडदा त्यांच्या निजण्याच्या खोलीच्या भिंतींवर होता, आणि तो आजही जपून ठेवलेला आहे.

या घरात मॉरिस फक्त पाच वर्षे राहिला, पण तेथूनच त्याचा धंदा उभा राहिला. १८६१ साली मित्रांनी मिळून पेढी काढली. रंगीत काचा, फरश्या, सामान, भरतकाम आणि भिंतीवर डकवायचे छापील कागद असा तिचा माल. घरातल्या बायका या पेढीच्या कामाला जुंपलेल्या होत्या. कोणी फरश्या रंगवी, कोणी भरतकाम करी. पाटीवर नावे मात्र पुरुषांची. पुढे मॉरिसची धाकटी मुलगी मे हिने वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८५ साली, पेढीचे भरतकामाचे खाते हाती घेतले. कलावंत कारागिरांचा जो संघ लंडनमध्ये १८८४ साली निघाला होता त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून तिने १९०७ साली स्त्रियांचा निराळा संघ काढला. संघटनेचे रक्त म्हणतात ते हे!

आता या गोड कथेतली कडू बाजू. मॉरिसच्या आरंभीच्या एका वेलबुट्टीच्या कागदाची रासायनिक तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या हिरव्या रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल, निघाले. त्या काळी असे हिरवे रंग सर्रास वापरले जात, एकट्या मॉरिसला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या खाणीच्या नफ्यावर त्याचे घर उभे राहिले, ती खाण पुढे तांब्याबरोबर सोमलही मोठ्या प्रमाणावर काढू लागली, आणि १८७०च्या दशकात काही वर्षे तो तिच्या संचालकांपैकी एक होता, हे विसरता येत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे हिरवे पान आणि खाणीच्या तोंडाशी खनिज निवडणारी पोर, यांच्यामध्ये अंतर पुष्कळ होते, पण धागा एकच होता.

दुसरा धागा आपल्या देशापर्यंत येतो. नवे रासायनिक रंग मॉरिसला भडक वाटत, म्हणून जुन्या ग्रंथांतून वनस्पतींच्या रंगांची कृती हुडकत तो थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याकडे लीक गावी गेला आणि हात कोपरापर्यंत निळे होईतो पिंपात काम करीत राहिला. हा वॉर्डल पुढे १८८५-८६ साली रेशमाचा अभ्यास करण्यासाठी हिंदुस्थानात आला होता. निळीचे म्हणाल, तर त्या काळी जगाच्या बाजारातली बरीचशी नीळ बंगाल-बिहारमधून जाई. रेड हाऊसच्या विटा चढत होत्या त्याच १८५९-६० साली बंगालच्या रयतेने नीळ पेरायची नाही म्हणून मळेवाल्यांविरुद्ध बंड पुकारले होते. इंग्लंडातल्या घरांत निळा पडदा लागतो आणि त्याची किंमत नदिया जिल्ह्यातला शेतकरी मोजतो, हा हिशेब कोणत्याही दुकानाच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

मॉरिसला हिशेब कळत नव्हता असे नाही. हाताने केलेला माल महाग पडे, आणि तो घेणार कोण, तर ज्यांच्या गिरण्या आणि भट्ट्या आहेत ते. लोथियन बेल नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराच्या घरी काम चालू असता मॉरिस येरझारा घालू लागला. बेलने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा श्रीमंतांचे चोचले पुरविण्यात आपले आयुष्य चालले आहे, अशा अर्थाचे त्याने फटकन सुनावले, असे सांगतात. ज्या हातांनी माल बनतो त्या हातांना तो घरात लावायला ना पैसा, ना फुरसत, ना भिंत. तेव्हा आधी काय बदलले पाहिजे, या प्रश्नाने त्याला रस्त्यावर आणले. १८८३ साली तो समाजवाद्यांच्या संघात दाखल झाला. १८८४च्या डिसेंबरात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सोशॅलिस्ट लीग’ काढली. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पोलिसांनी मोर्चा झोडपला, तेव्हा हा पडद्या-कागदांचा कारागीर त्या मोर्चात होता. ॲनी बेझंटबाईही होत्या, त्याच, ज्या पुढे १९१७ साली आपल्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

याच १८८४ सालाकडे मुंबईतून पाहावे. ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षी सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले गेले त्यात पहिले हेच, की आठवड्याला रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच असावे, हेही होते. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. मॉरिसचे आणि लोखंड्यांचे एकमेकांशी काही बोलणे झाले नव्हते. पण मॉरिस ज्या फुरसतीविषयी व्याख्याने देत होता, ती लोखंडे मागून घेत होते. आमच्या मते दोघांत लोखंड्यांचे काम अधिक अवघड होते.

याच सुमारास उत्तरेकडे स्वीडनमध्ये हा विषय थेट कामगारांपुढे मांडला गेला. स्टॉकहोमला १८८० साली कामगारांसाठी एक शिक्षणसंस्था निघाली होती. दिवसभर राबून आलेल्या लोकांना तेथे सायंकाळी व्याख्याने ऐकवीत, आपली ही व्याख्यानमाला चालते तशीच काहीशी. एलेन की नावाची विदुषी तेथे वीस वर्षे बोलत असे. १८९९ साली तिने ‘सौंदर्य सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले आणि त्याच संस्थेत दोन खोल्या, एक निळी व एक हिरवी, मांडून दाखविल्या. साध्या रंगाच्या भिंती, थोडके सामान, उजेडाला वाट. बेत असा की कामगार कुटुंबालाही ते परवडावे. तिच्या सांगण्यात एक मर्म आहे: सुंदर म्हणजे महाग नव्हे, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्याची स्वस्त नक्कल म्हणजे तर मुळीच नव्हे. पण व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो तेव्हा त्याची खोली तीच असते. एका खोलीत सारे बिऱ्हाड निजत असेल तर उजेडाला वाट मोकळी ठेवायची कोठून? बाईंच्या दोन खोल्यांत रात्री कोणी निजत नव्हते.

त्याच वर्षी कार्ल लार्सन या चित्रकाराचे ‘एक घर’ अशा नावाचे चित्रांचे पुस्तक निघाले आणि स्वीडनमध्ये घराघरांत गेले. कार्ल स्टॉकहोमच्या गरीब वस्तीतला, आई लोकांची धुणी धुणारी. सुंडबॉर्न गावचे लाकडी घर त्याला सासऱ्याने दिले होते. जुन्या खुर्च्या, बाके त्यांनी तांबड्या-हिरव्या रंगांनी रंगविली, दारांवर चित्रे काढली. जगाला कार्लची चित्रे माहीत झाली. पण चित्रात जे पडदे, टेबलावरची वस्त्रे, उशा, मुलांचे कपडे दिसतात ते सारे विणले, शिवले, बेतले त्याची बायको कारिन हिने. तीही चित्रकला शिकलेली होती. लग्नानंतर चित्रे सुटली, आठ बाळंतपणे झाली, आणि तिची सारी कला मागावर आणि सुईदोऱ्यात उतरली. तिने एक झुलती खुर्ची बेतली ती इतकी साधी आणि विलक्षण होती, की गावच्या सुताराला ती उजेडी नेण्याची लाज वाटली आणि तो रात्री पोहोचवून गेला, अशी गोष्ट सांगतात. लंडनच्या मोठ्या संग्रहालयाने १९९७ साली या घराचे प्रदर्शन भरविले तेव्हा नवराबायको दोघांचे नाव पाटीवर आले. कारिनला जाऊन तेव्हा ६९ वर्षे झाली होती.

आपल्याकडच्या कारिनांची नावे तर कोणत्याच पाटीवर नाहीत. गोधडी घ्या. नेसून विरलेली लुगडी, फाटके धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे, यांचे थर घालून कडेपासून धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. हिला आज दुकानांतून बरीच किंमत येते आणि शोभेची वस्तू म्हणून ती भिंतीवरही लागते. जिने ती शिवली तिला ते शोभेसाठी नव्हे, थंडीसाठी करायचे होते. तरीही तिने काठाच्या पट्ट्या रंग जुळवूनच लावल्या. गरजेच्या कामात तिने शोभा चोरून घातली, असे आम्ही म्हणतो. वेळ तिला कोणी दिला नव्हता. दुपारी मुले निजल्यावर, शेजारणींबरोबर, जमेल तेवढा.

आणि जागा? मुंबईत १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात बिऱ्हाड, आणि पुष्कळदा गावाहून आलेले दोघे-तिघे वरचे. तरी त्या खोल्यांत पितळेची भांडी फळीवर ओळीने लखलखत, दिवाळीला कामट्या आणि रंगीत कागदांचे कंदील गॅलरीभर लागत, ते मुले घरीच करीत. हे का जमले? खोली लहान, पण वर्षानुवर्षे आपली राहील याची खात्री होती. जो उद्या हलणार नाही तोच भिंतीला रंग देतो.

आम्ही ज्या यंत्रमाग कामगारांत काम करतो त्यांच्यापुढे आज हाच पेच आहे. पाळी बारा तासांची. खोली भाड्याची, आणि पुष्कळ मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. म्हणून बायका दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधतात आणि मण्यांचे तोरण, मुलाने शाळेत केलेले चित्र, सणाचा कंदील त्या सुतळीवरच टांगतात. खोली बदलायची वेळ आली की एक गाठ सोडली, की सारी शोभा गोधडीत गुंडाळून हातगाडीवर ठेवता येते.