दोन मीटरचं घर : शहापूर ते टिळकवाडी

माझी उभी नोकरी विजेच्या कामात गेली. त्यामुळे जुन्या घरासमोर उभा राहिलो की नजर आधी मीटरच्या पेटीकडे जाते. घरगुती जोडणीचा दर वेगळा, व्यापारी जोडणीचा वेगळा. पेटीत दोन्ही मीटर दिसले की समजावं, ओसरीत दुकान आलं. बेळगावात टिळकवाडीच्या आमच्या रस्त्यावर आता एकाच मीटरचं घर शोधावं लागतं.

"पूर्वी कशी नुसती राहती वस्ती होती," असं इथले लोक हळहळत म्हणतात. मीही म्हणायचो. मग शहापूरची जुनी घरं मोजायला गेलो आणि गप्प झालो.

शहापूर बेळगावला चिकटून असलं तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. सराफी, कापड आणि विणकाम यांवर चालणारी पेठ. शेजारचे वडगाव, खासबाग हेही विणकरांचे. घर लांबट : पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. सोप्यात मागाचा खड्डा. त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. बायका आत कांड्या भरायच्या. ताणा गल्लीतच पसरून त्याला खळ लावायचे, म्हणजे रस्तासुद्धा कारखान्याचाच भाग. एका आजींना मी विचारलं, मागाची खोली कुठली? त्यांना प्रश्नच कळेना. "खोली कसली? सोपाच की तो!"

काम एकीकडे आणि घर दुसरीकडे, ही कल्पना इथं नंतर आली आणि ती फुकट आली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं नांगर घडवायला घेतले. शहराचा विस्तार करायचा म्हणून पालिकेनं कारखान्याला जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आम्हाला वस्ती मिळाली, कारखाना गेला. इंजिनिअर म्हणून मला हे अजून सलतं.

टिळकवाडी ही या विस्तारातलीच वस्ती. शाळेच्या नावात मूळची 'ठळकवाडी' अजून टिकून आहे. गंमत म्हणजे राहत्या वस्तीतल्या भागांची नावं सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशी, सगळी बाजाराची! १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथंच भरलं, गांधीजी अध्यक्ष होते; त्या वेळी खोदलेली विहीर आजही आहे. पुढं आरपीडी, जीएसएस ही कॉलेजं आली. विद्यार्थी आले की खोल्या भाड्यानं जातात, खोल्यांमागून खानावळ, खानावळीमागून झेरॉक्स. खानापूर रोड आणि काँग्रेस रोडवरची वर्दळ वाढली, तसे डॉक्टर, क्लासवाले आतल्या रस्त्यांवर शिरले. पण माझ्या मते खरा रेटा घराच्या आतूनच होता. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली. म्हातारी दोघं आणि आठ खोल्या उरल्या. ओसरीचं भाडं हीच त्यांची पेन्शन झाली. त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही.

मात्र शहापूरचा सोपा आणि आमची ओसरी यांत एक फरक आहे. तिथं माग चालवणारा मागामागंच झोपायचा. खडखड त्याच्याच घरची, शेजाऱ्याची तक्रार आली तर दार वाजवायला माणूस असायचा. इथं रात्री नऊला शटर पडतं आणि दुकानदार दुसऱ्या भागात आपल्या घरी जातो. वरच्या मजल्यावर गोदाम. रस्त्यावर दिवसा गाडी लावायला जागा नसते आणि रात्री आजारी माणसाला हाक मारावी असा उजेड चार घरांत मिळत नाही.

आमच्या ओसरीचंही ठरलंय. शटरवाला माप घ्यायला आला, तेव्हा त्याची टेप मागून घेतली आणि आधी मी माझी मापं घेतली : तीन कमानी, लाकडी कठडा, पायरीशेजारचा कट्टा. नकाशा मंडळाच्या फायलीत ठेवलाय. भाडेकरू शिंपी आहे. मागची खोलीही देतो, राहायलाच या, असं त्याला म्हटलंय. बायकोला विचारून सांगतो म्हणाला.