स्थिती जपणारी संसाधने

* ‘सेवेला स्मरण नसते’ हे वेब सेवांविषयीचे विधान अर्धेच घेऊ नये. वेब सेवा प्रत्येक विनंती स्वतंत्र मानते हे खरे. पण बदलत जाणारी माहिती कुठेतरी टिकवावीच लागते. ती सेवेबाहेर, वेगळ्या नोंदीत ठेवायची आणि प्रत्येक विनंतीसोबत त्या नोंदीची ओळख पाठवायची, ही खरी युक्ती. रेल्वे आरक्षण हे त्याचे रोजचे उदाहरण. बोरिवलीच्या खिडकीवर काढलेले प्रतीक्षायादीतले तिकीट मुलुंडला घरी बसून मोबाइलवर तपासले, तरी १० आकडी पीएनआर त्याच नोंदीपाशी पोहोचवतो. त्याचे सुरुवातीचे आकडे आरक्षण केंद्र सांगतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९मध्ये ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने पूर्णपणे जोडली गेली, म्हणून कुठूनही कुठलेही तिकीट निघते. इतरांची तिकिटे रद्द होतील तशी ‘डब्ल्यूएल’ची ‘आरएसी’ आणि पुढे ‘सीएनएफ’ होते. पीएनआर मात्र तोच राहतो. प्रवास होऊन काही दिवस उलटले की नोंद काढली जाते आणि ‘फ्लश्ड पीएनआर’ असे उत्तर येते. अशा नोंदीची, म्हणजे संसाधनाची ओळख, त्याची स्थिती वाचणे-बदलणे आणि त्याचे आयुष्य संपवणे, या तिन्ही गोष्टींचे सर्वमान्य नियम ‘ओएसिस’ संस्थेने २००६मध्ये वेब सेवांसाठीच्या ‘डब्ल्यूएसआरएफ’ या मानकात घालून दिले. पुढे ‘रेस्ट’ पद्धतीने त्याची जागा घेतली. मात्र हे तीन प्रश्न प्रत्येक प्रणालीला आजही सोडवावेच लागतात. – संपा.