व्यवसायसंस्थांचा समाजमाध्यमांवरील परस्परसंवाद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्यापाराचा इतिहास प्रामुख्याने विक्रेता आणि ग्राहक यांच्या संबंधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु एका पेढीचा दुसऱ्या पेढीशी असलेला संबंध तितकाच जुना आणि अनेकदा अधिक निर्णायक असतो. उधारीवर माल कोणाला द्यावा, कोणाची हुंडी सकारावी, कोणाच्या शब्दावर परगावी रक्कम गुंतवावी, हे प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीआड सोडविले जात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या संबंधाचा काही भाग प्रथमच चव्हाट्यावर आला. व्यवसायाच्या नावाने उघडलेले समाजमाध्यमावरील खाते दुसऱ्या व्यवसायाच्या खात्याशी बोलू लागले, त्याची स्तुती व थट्टा करू लागले आणि प्रसंगी त्याच्याशी भांडू लागले. या संवादाची चर्चा जाहिरातशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. तो मुळात पत आणि ओळख यांचा व्यवहार आहे, ही बाजू मात्र उपेक्षित राहिली. प्रस्तुत लेखात त्या बाजूने या संवादाच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

हुंडी ते गृहपत्रिका

हुंडी हे केवळ रक्कम पाठविण्याचे साधन नव्हते. एका पेढीने दुसऱ्या पेढीवर हुंडी लिहिली आणि ती सकारली गेली, की दोन्ही पेढ्यांची पत बाजारात सिद्ध होत असे. ती परत गेली तर तिचा बोभाटा पेठेत व्हावयास वेळ लागत नसे. या पद्धतीतील जिकरी चिठ्ठी विशेष लक्षणीय आहे. हुंडी ज्या गावी वटावयाची त्या गावातील एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यास उद्देशून ही चिठ्ठी लिहिली जाई. हुंडी न सकारल्यास त्या व्यापाऱ्याने ती आपल्याकडून भागवावी, अशी विनंती तीत असे. म्हणजेच एका व्यवसायाने दुसऱ्याचे नाव तिसऱ्यासमोर घ्यावे आणि त्या नावावर व्यवहार चालावा, ही पद्धत समाजमाध्यमांपूर्वी कित्येक पिढ्या अस्तित्वात होती. भेद इतकाच, की जिकरी चिठ्ठी चारचौघांत वाचली जात नसे.

छपाईमुळे हे चित्र काहीसे बदलले. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी कारखान्याची माहिती देणारे गृहपत्र होते. पुढे त्याचे सर्वसाधारण मासिकात रूपांतर झाले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले. एका उद्योगसंस्थेने स्वतःच्या नावाने नियमितपणे बोलावे, ही कल्पना मराठी वाचकास अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. तथापि या बोलण्यास दुसऱ्या संस्थेने त्याच पानावर उत्तर देण्याची सोय नव्हती. १९३४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थांत व्यावसायिक एकमेकांशी बोलत, पण ते सभासदांपुरते.

मुंबईतील फलकांचा संवाद

उघड उत्तर-प्रत्युत्तराचे एक गाजलेले भारतीय उदाहरण समाजमाध्यमांवर नव्हे, तर मुंबईच्या रस्त्यावर घडले. २००७ मध्ये जेट एअरवेजने आपण बदललो आहोत अशा आशयाचा जाहिरातफलक उभारला. त्याच्या वरच्या बाजूस किंगफिशर एअरलाइन्सने, त्यांना बदलावयास आम्हीच भाग पाडले, असा फलक लावला. या दोहोंवर कडी करीत गोएअरने तिसरा फलक लावला. त्याचा आशय असा, की आम्ही बदललेलो नाही, विमानप्रवासाचा शहाणा मार्ग आजही आमचाच आहे. या तीन फलकांचे छायाचित्र ई-मेलद्वारे देशभर फिरले. जुलै २०१० मध्ये मुंबईतच असाच प्रसंग घडला. प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका ‘गूढ’ शॅम्पूची उत्सुकता वाढविणारे फलक लावले होते. गूढ वगैरे काही नाही, पहिला क्रमांक डव्हचाच, अशा आशयाच्या फलकाने हिंदुस्थान युनिलिव्हरने त्यांना उत्तर दिले.

या दोन्ही प्रसंगांत पुढील काळातील बहुतेक घटक आढळतात. स्पर्धक परस्परांना उद्देशून बोलतात, परंतु ऐकणारा तिसराच असतो. वेग महत्त्वाचा ठरतो. आणि मूळ जागेपेक्षा तिच्या प्रतिमेचा प्रसार मोठा असतो. नसतो तो एकच घटक, तो म्हणजे स्वस्ताई. मुंबईतील मोक्याच्या जागी फलक लावणे हे मोठ्या भांडवलाचे काम होते. किराणा दुकानदाराने वा मुद्रणालयाच्या मालकाने या संवादात भाग घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

खात्यास मिळालेली वाणी

व्यवसायाचे खाते दुसऱ्या व्यवसायाशी बोलू शकते, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास आहे याचा विसर पडतो. फेसबुकने नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पृष्ठांची सोय केली. परंतु हे पृष्ठ आपल्या अंगणातच बोलू शकत असे. त्याचा चालक दुसऱ्या पृष्ठावर गेला, की तेथे त्यास स्वतःच्या व्यक्तिगत नावानेच लिहावे लागे. फेब्रुवारी २०११ मधील बदलानंतर पृष्ठास स्वतःच्या नावाने इतर पृष्ठांना पसंती देता येऊ लागली व तेथे अभिप्राय लिहिता येऊ लागला. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरने मात्र व्यक्ती आणि संस्था असा भेद आरंभापासूनच केला नव्हता. तेथे कोणतेही खाते कोणत्याही खात्यास उत्तर देऊ शकत असे. व्यवसायांची उघड थट्टामस्करी प्रथम ट्विटरवर का फोफावली, याचे उत्तर विनोदबुद्धीपेक्षा या रचनेत अधिक सापडते.

आश्चर्य वाटते ते लिंक्डइनचे. व्यावसायिकांसाठीच २००३ मध्ये सुरू झालेल्या या माध्यमावर एका संस्थेच्या पृष्ठास दुसऱ्या संस्थेच्या पृष्ठाचे अनुसरण करण्याची सोय २०२३ मध्ये आली. तोपर्यंत तेथे बोलत होती ती प्रामुख्याने माणसे, संस्था नव्हेत. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये व्यावसायिक खाती आणली. ऑक्टोबर २०२१ मध्ये एकच मजकूर दोन खात्यांच्या नावे संयुक्तपणे प्रसिद्ध करण्याची सोय त्यात आली. ही शेवटची सोय पतव्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण म्हणावी लागेल, कारण तीत दुसऱ्या खात्याची संमती आवश्यक असते. कोणाचेही नाव परस्पर घेता येते, पण संयुक्त मजकुरावर दोघांची सही असते.

थट्टा, स्पर्धा आणि न्यायालय

२०१२ मध्ये अमेरिकेत ओल्ड स्पाइस या प्रसाधनाच्या खात्याने टाको बेल या खाद्यसंस्थेस विचारले, की तुमच्या ‘फायर सॉस’मध्ये खरी आग नसते, ही दिशाभूल नव्हे काय? तुमच्या प्रसाधनात तरी खरोखरच जुने मसाले असतात काय, असा प्रतिप्रश्न टाको बेलने केला. या उदाहरणाची पुष्कळ वाखाणणी झाली. परंतु दोघांचा धंदा वेगळा होता, ही बाब लक्षात घेतली पाहिजे. दुर्गंधीनाशक विकणाऱ्याचे गिऱ्हाईक खाद्यपदार्थवाला पळवू शकत नाही. म्हणूनच अशी थट्टा निर्धास्तपणे करता येते.

भारतातील जुलै २०१९ चा प्रसंगही याच जातीचा आहे. माणसाने कधीकधी घरचे जेवणही जेवावे, अशा अर्थाचे हिंदी ट्विट झोमॅटोने केले. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या संस्थेने असे म्हणावे यात गंमत होती. अॅमेझॉन प्राइम व्हिडिओने लगेच कधीकधी केबलवरही काही पाहण्याचा सल्ला दिला. रात्री तीन वाजता फोन बाजूला ठेवून झोपावे, असे यूट्यूब इंडियाने सुचविले. इतर अनेक खात्यांनी तोच साचा उचलला. अखेर, कधीकधी स्वतःचे ट्विटही स्वतः सुचवून पाहावे, असा टोला झोमॅटोने लगावला. प्रत्येकाने आपल्याच मालाविरुद्ध बोलण्याचे नाटक केल्याने कोणाचेच नुकसान झाले नाही. मात्र आठवणीत राहिले ते पहिले आणि शेवटचे वाक्य. मधल्या अनुकरणकर्त्यांना हजेरी लावल्यापलीकडे फारसे काही मिळाले असे दिसत नाही.

प्रत्यक्ष स्पर्धकांमध्ये गोष्ट निराळी होते. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सरने आपल्या ‘कॉलिन’ नावाच्या सुरवंटाच्या आकाराच्या केकच्या बौद्धिक संपदेवरून आल्डीच्या ‘कथबर्ट’ केकविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. आल्डीने ‘कथबर्टला मुक्त करा’ अशी मोहीम ट्विटरवर उघडली आणि दोन्ही केक मिळून धर्मादाय कार्यासाठी विकण्याचा प्रस्ताव तेथेच मांडला. प्रतिपक्षानेही तेथेच उत्तर दिले. कल्पना चांगली आहे, पण पात्र मात्र तुमचे स्वतःचे वापरा, असा त्याचा भावार्थ होता. लोकांची सहानुभूती थट्टेच्या बाजूने वळली. तथापि वाद मिटला तो ट्विटरवर नव्हे. २०२२ च्या आरंभी उभय पक्षांत तडजोड झाली आणि तिच्या अटी गोपनीय राहिल्या. चव्हाट्यावरील संवाद कितीही रंगला तरी व्यवहाराचा निर्णायक भाग बंद दाराआड होतो, हे यावरून दिसते.

भारतात याविषयीची कायदेशीर चौकट समाजमाध्यमांपूर्वीची आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमातील कलम २९(८) अन्वये दुसऱ्याच्या चिन्हाच्या लौकिकास बाधा आणणारी जाहिरात उल्लंघन ठरू शकते. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेसही स्पर्धकाची अप्रतिष्ठा मान्य नाही. ट्विटसाठी वेगळा न्याय नाही.

लहान व्यवसायांचा अनुभव

वरील सर्व उदाहरणे बलाढ्य संस्थांची आहेत आणि या विषयावरील बहुतेक लेखन तेथेच थांबते. ही मर्यादा गंभीर आहे. लहान व्यावसायिकास विनोदी प्रत्युत्तरे लिहिण्यासाठी जाहिरातसंस्था नेमता येत नाही व नेमूही नये. त्याचा परस्परसंवाद स्पर्धकांशी कमी आणि पूरक व्यवसायांशी अधिक असतो. विवाहसमारंभाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मंगल कार्यालय, आचारी, सजावटकार, मेंदी काढणारी, छायाचित्रकार आणि बँडपथक हे सर्व स्वतंत्र व्यवसाय होत. इन्स्टाग्रामवर छायाचित्रकार लग्नाची चित्रे प्रसिद्ध करताना इतरांच्या खात्यांची नावे जोडतो आणि तेही तसेच करतात. एकाचा ग्राहक दुसऱ्याकडे जातो. पूर्वी हीच शिफारस कार्यालयाचा व्यवस्थापक तोंडी करीत असे. आता तिची नोंद राहते आणि ती अनोळखी माणसासही दिसते. जिकरी चिठ्ठीशी असलेले तिचे नाते उघड आहे, मात्र दायित्व गळून पडले आहे. आचाऱ्याने ऐन वेळी दगा दिल्यास छायाचित्रकार काही भरून देणार नसतो. नाव घेणे सोपे झाले, तसे ते स्वस्तही झाले. म्हणून परस्पर ठरवून केलेली स्तुती आणि खऱ्या अनुभवावरून केलेली शिफारस यांतील भेद वाचणाऱ्यानेच ओळखावयाचा असतो.

या पतव्यवहाराची वही व्यावसायिकाच्या हाती नसते, ही दुसरी अडचण. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुरास प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि व्यवसायांच्या पृष्ठांवरील मजकूर लोकांसमोर येण्याचे प्रमाण घटले. वर्षानुवर्षे जोडलेला गोतावळा एका धोरणाने दूर गेला. तो परत गाठावयाचा तर पैसे मोजणे आले. योगायोगाने त्याच महिन्यात त्याच कंपनीच्या व्हॉट्सअॅपने लहान व्यवसायांसाठी स्वतंत्र अॅप आणले. चव्हाट्यावरचा बराचसा संवाद तेथे, पुन्हा खासगीत, परतला.

खात्याच्या ओळखीचाही प्रश्न आहे. हुंडीवरील हस्ताक्षर व खुणा पारखून घेतल्या जात. ट्विटरने २००९ मध्ये सुरू केलेली निळी खूण हे त्याचेच आधुनिक रूप होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ही खूण मासिक ८ डॉलरला विकत मिळू लागताच एली लिली या औषधकंपनीच्या नावाने कोणी खाते उघडले व इन्सुलिन आता मोफत आहे असे जाहीर केले. मूळ कंपनीस खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. खोटी हुंडी पेठेत एखाद्यास फसवीत असे. येथे काही तासांत लक्षावधींसमोर खोटे नाव सकारले गेले.

साधनांचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकास या विषयात आणखी एक अडचण भेडसावते. ‘किर्लोस्कर खबर’चे जुने अंक ग्रंथालयांत पाहता येतात. भारतात एके काळी अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सर्व सार्वजनिक ट्विटे जतन करण्याचा संकल्प केला होता. १ जानेवारी २०१८ पासून तिने केवळ निवडक ट्विटे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. २०२३ मध्ये ट्विटरने, ज्याचे नाव त्याच वर्षी एक्स झाले, आपल्या माहितीसाठ्यातील विनामूल्य प्रवेश बंद केला. मुंबईतील त्या तीन फलकांच्या विमानकंपन्यांपैकी किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये, जेटची २०१९ मध्ये आणि पुढे गो फर्स्ट झालेल्या गोएअरची २०२३ मध्ये थांबली. त्यांचा संवाद आज माहीत आहे तो कोणीतरी वेळेवर काढलेल्या छायाचित्रामुळे.

मोठ्या संस्थांच्या ट्विटांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून तरी सापडतील. तालुक्याच्या गावातील मुद्रणालयाने बांधणीकाराचे नाव घेऊन केलेली नोंद कोणते वृत्तपत्र छापणार? फेसबुक, इन्स्टाग्राम व एक्स ही माध्यमे खातेदारास स्वतःच्या खात्यातील मजकुराची प्रत उतरवून घेऊ देतात. महाविद्यालयांतील इतिहास व वाणिज्य विभागांनी आपल्या परिसरातील व्यावसायिकांकडून अशा प्रती त्यांच्या संमतीने मागवून घेतल्यास, खासगी संदेश वगळून, स्थानिक बाजारपेठेच्या इतिहासाचे एक नवे साधन हाती येईल. जुन्या पेढ्यांची दप्तरे मिळविण्यासाठी पूर्वीच्या संशोधकांनी वाड्यांचे माळे धुंडाळले. ही दप्तरे ठेवावयास माळाही नाही, आणि खाते बंद करावयास एक कळ पुरते.